प्रमाणपत्र आहे, मग हात का कचरतात?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीपीआरचं प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्र मिळालं. तरी ती विचारते, 'वॉर्डात खरंच वेळ आली तर मला जमेल का?' शिकूनही धास्ती का राहते?

उत्तर : तिची शंका रास्त आहे. सीपीआरचे आकडे पाठ राहतात, पण सराव तुटला की हात विसरतात. प्रशिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांत हे कौशल्य उतरू लागतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. प्रमाणपत्राची मुदत मात्र सहसा दोन वर्षांची असते.

नेमकं काय जमायला हवं? प्रतिसाद नसेल तर लगेच मदत बोलवायची, श्वास आणि नाडी 10 सेकंदांच्या आत तपासायची. मधूनच लागणारे आचके म्हणजे श्वास चालू आहे असं समजायचं नाही. नवखे इथेच फसतात. प्रौढाच्या छातीच्या मधोमध 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब द्यायचे आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. 30 दाबांनंतर 2 श्वास. दर 2 मिनिटांनी दाब देणारा बदलायचा, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि ते त्याचं त्याला कळत नाही.

बरगडी मोडेल या भीतीने पुष्कळ जण हलकेच दाबतात. मोडलेली बरगडी सांधता येते. पण रक्तपुरवठा थांबला की चार-सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते.

नॉर्वेच्या ऑसमुंड लेर्डाल यांनी 1960 मध्ये 'रेससी अ‍ॅन' हा पुतळा बनवला, तो अशाच सरावासाठी. आता दाबाची खोली आणि गती दाखवणारे पुतळेही मिळतात. 'मला येतं' हे स्वतःच्या मनाला विचारून ठरवू नये. पुतळ्यावर तपासून घ्यावं.

मुलीने मैत्रिणींसह प्राचार्यांकडे एक मागणी करावी : स्किल लॅब महिन्यातून एकदा दहा मिनिटं तरी प्रत्येकीला मिळावी आणि कोड ब्लूच्या (रुग्णाचं हृदय बंद पडल्यावर रुग्णालयात दिल्या जाणाऱ्या इशाऱ्याच्या) वेळी विद्यार्थिनींना भिंतीशी उभं न करता वेळ मोजण्याचं, नोंद ठेवण्याचं काम द्यावं. वर्षातून एकदा दिवसभर शिकण्यापेक्षा असा थोडा थोडा, पण वारंवार केलेला सराव जास्त टिकतो. खरा आत्मविश्वास त्यातूनच येतो.