तुरीचा वांझ रोग व सोयाबीनचा पिवळा मोझॅक : एक निरीक्षणपाठ

नेर परसोपंतच्या परिसरात श्रावण लागला की सोयाबीन चांगले वाढलेले असते, आणि त्याच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ उभी असते. शाळेत येणारी मुले रोज या वावरांच्या धुऱ्यावरून चालत येतात. वनस्पतींच्या विषाणुजन्य रोगांचा पाठ घेण्यास याहून सोयीचे स्थळ शिक्षकास मिळणार नाही. 2023 च्या खरिपात विदर्भातील सोयाबीनची शेते ऐन शेंगा भरण्याच्या वेळी पिवळी पडली. पिवळ्या मोझॅकच्या जोडीस मूळकूज व खोडकूज हे बुरशीचे रोगही होते. त्यांतील कोणता कोठे आहे हे कळेपर्यंत पुष्कळ ठिकाणी पीक हातचे गेले होते.

पाठाचा आरंभ विषाणूच्या व्याख्येने करू नये, पानाने करावा. सोयाबीनचे पान पिवळे होण्याची कारणे अनेक आहेत. नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी फिकट होतात. लोह कमी पडले तर शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात, परंतु त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. मोझॅकमध्ये असा काहीच नियम आढळत नाही. एकाच पानावर गर्द पिवळे व हिरवे ठिपके-चट्टे वेडेवाकडे मिसळलेले असतात, आणि असे झाड निरोगी झाडांमध्ये एखादेच, येथे एक तेथे एक, दिसते. तिन्ही प्रकारची पाने मुलांच्या हाती देऊन त्यांचे चित्र काढावयास लावावे. चित्र काढताना जे दिसते ते नुसते सांगून दिसत नाही.

त्यानंतर अशा झाडाचे पान हलकेच उलटवून दाखवावे. मिलिमीटरभर लांबीच्या पांढऱ्या माश्या पिठासारख्या उडतील. रोगट झाडाचा रस शोषताना विषाणू या माशीच्या पोटात जातो, तेथून रक्तात व पुढे लाळेत उतरतो. मग ती ज्या झाडावर बसेल त्यास पुढील अनेक दिवस रोग देऊ शकते. हा रोग 1955 साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत मुगावर आढळला व 1960 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. सोयाबीन आपल्याकडे मागाहून विस्तारले; मुगाच्या विषाणूस त्यात नवे घर मिळाले. 1994 साली प्रसारित झालेला जबलपूरचा जे.एस. 335 हा वाण विदर्भात दीर्घकाळ सर्वाधिक पेरला गेला, आणि तो या रोगास सहज बळी पडतो.

तुरीचा रोग याच्या उलट, फसवा आहे. झाड वाळत नाही की पिवळे जर्द होत नाही. उलट ते झुडपासारखे दाट व हिरवे राहते. पाने मात्र लहान होऊन त्यांवर फिकट चट्टे उमटतात, आणि फूलच येत नाही. म्हणून शेतकरी त्यास वांझ रोग म्हणतात. (हा शब्द गावात बायकांना बोचण्यासाठीही वापरला जातो. वर्गात तो उच्चारताना, येथे दोष झाडाचा नसून बाहेरून आलेल्या विषाणूचा आहे, हे शिक्षकाने आवर्जून सांगावे.)

या रोगाचा इतिहास वरच्या वर्गास अवश्य सांगण्याजोगा आहे. बिहारमधील पुसा येथे 1931 साली तो प्रथम नोंदला गेला. पुढे तो एका कोळ्यामुळे पसरतो हे सिद्ध झाले. हा कोळी पानाच्या खालच्या बाजूस राहतो, वाऱ्याबरोबर वाहतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. रोगास कारण होणारा विषाणू मात्र कोणाच्या हाती लागेना. हैदराबादजवळील पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतील शास्त्रज्ञांनी तो वेगळा करून ओळखला, तेव्हा 2000 साल उजाडले होते. सुमारे सत्तर वर्षे नुकसान डोळ्यांपुढे होते आणि कारण अदृश्य होते. पहिल्या पंचेचाळीस दिवसांत लागण झाली तर त्या झाडाचे 95 ते 100 टक्के उत्पन्न बुडते. मृगानंतरच्या पेरणीस हे दिवस नागपंचमीच्या सुमारास पुरे होतात. तेव्हा तुरीकडे पाहण्याची वेळ तीच होय.

मुले विचारतील, “गुरुजी, मग औषध कोणते?” याचे उत्तर स्पष्ट द्यावे. बुरशी किंवा कीड झाडाच्या अंगावर सापडते. विषाणू पेशीच्या आत शिरून पेशीकडूनच आपली वाढ करून घेतो. त्याला मारणारी फवारणी नाही. फवारणीने फार तर त्याचे वाहक, माशी किंवा कोळी, कमी होतात, आणि तेही कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने व योग्य वेळी केली तरच. ही गोष्ट यवतमाळ जिल्ह्यात विशेष जपून सांगावयाची आहे. 2017 साली येथे फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. रोगाची ओळख नसताना पंप पाठीवर घेणे किती महाग पडते, हे येथील घरांना ठाऊक आहे.

रोगट झाड दिसताच उपटून खड्ड्यात पुरणे, पिवळे चिकट सापळे लावणे, धुऱ्यावरील तण काढणे, उन्हाळ्यात धुऱ्यावर तगलेली किंवा खोडव्याची तूर राहू न देणे, हे उपाय साधे आहेत. पुढील हंगामासाठी रोगास दाद न देणारे वाण निवडावे. तुरीत बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बी.एस.एम.आर. 736 हा असा वाण आहे.

क्षेत्रभेटीपूर्वी वावराच्या मालकाची परवानगी घ्यावी व अलीकडे फवारणी झाली नाही याची खात्री करावी. झाडे मुलांनी उपटू नयेत. त्यांनी ती मोजावीत, आणि मालकास दाखवावीत. रोगट पान जुन्या वहीत दाबून त्यावर तारीख व वावराची खूण लिहून ठेवावी. दिवाळीनंतर तूर फुलावर आली म्हणजे वर्ग पुन्हा त्याच धुऱ्यावर न्यावा, आणि न फुललेली हिरवी झाडे किती, ते वहीतील आकड्याशी ताडून पाहावे.