नव्या संगणकात काय टाकून घ्यावे?

नवा संगणक घेतला की विकणारा हमखास विचारतो, "सेठ, यात काय काय टाकून देऊ?" आणि आपण सांगतो, "असेल ते सगळे टाक." सुताच्या एका गोणीचा भाव चार ठिकाणी विचारणारे आपण, येथे मात्र काहीच विचारत नाही. मालेगावात कापडाचा धंदा करताना माझ्या हातून हीच चूक झाली, म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांसाठी हे लिहीत आहे.

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर आपली रोजची कामे लिहून काढावीत. माझ्या कागदावर पाच कामे निघाली: बिल, उधारी, साठा, जीएसटीचे विवरणपत्र आणि अधूनमधून एखादे पत्र. म्हणजे पाचांपैकी चार कामे हिशेबाच्या सॉफ्टवेअरची. तेव्हा पैसा खर्च करायचा तो तेथेच.

आपल्याकडे बहुतेक मुनीम व कर सल्लागार बंगळूरच्या कंपनीचे टॅली वापरतात, हा तिचा मोठा फायदा. घेण्यापूर्वी ती शिकण्यापुरती फुकट चालवून पाहता येते. त्यात महिन्यातील ठरावीक तारखांच्याच नोंदी होतात, पण पारख करायला तेवढे पुरे. दुसऱ्या कंपन्यांचीही सॉफ्टवेअर आहेत. कोणतेही घ्या, विकणाऱ्याच्या तयार नमुन्यावर भाळू नका. आपली दहा खरी बिले घेऊन बसा आणि ती आपल्यासमोर भरायला सांगा. कापडवाल्याने आधी ताग्याचे पाहावे. एक तागा शंभर मीटरचा, तर दुसरा अठ्ठ्याण्णवचा. नग आणि मीटर दोन्ही वेगवेगळे लिहिता आले नाहीत, तर साठा कधीच जुळणार नाही. मग कराचे दर. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम धाग्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. त्याआधी विकलेला माल नंतर परत आला, तर त्याची नोंद जुन्याच दराने करावी लागते. दर तारखेप्रमाणे बदलता येतो का, हे विचारून घ्या. शेवटी उधारीची यादी काढायला सांगा. नुसती नावे व रकमा नकोत. कोणाकडे तीस दिवसांचे येणे आहे आणि कोणाकडे नव्वद दिवसांचे, हे दिसले पाहिजे. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागते. त्यामुळे उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी जुन्या नोंदी बाहेर काढता येतील, याचीही खात्री करावी.

आता माझी चूक. विकणाऱ्याने मला हिशेबाचे सॉफ्टवेअर फुकट टाकून दिले होते. ते चोरीचे होते, हे मला ठाऊक होते. सगळेच वापरतात, असे म्हणून मी गप्प बसलो. असली प्रत चालावी म्हणून संगणकाचे व्हायरसपासूनचे संरक्षण बंद करावे लागते, तेही त्याने केले. २०१७ ची रमजान ईद २६ जूनला झाली. १ जुलैपासून जीएसटी लागू व्हायचा होता आणि मला अखेरचा साठा मांडायचा होता. संगणक सुरू केला, तर एकही फाईल उघडेना. पडद्यावर इंग्रजीत मजकूर होता: पैसे भरा, मग फायली मिळतील. पैसे मी भरले नाहीत. बिलांच्या कार्बन प्रतींवरून हिशेब पुन्हा उभा करण्यात दोन महिने गेले. तरी पावणेदोन लाखांच्या उधारीला माझ्याकडे काहीच पुरावा राहिला नाही. काही गिऱ्हाइके स्वतःची वही घेऊन आली आणि जे निघत होते ते चुकते करून गेली. काही आली नाहीत, आणि त्यांच्याकडे मागायला मला तोंड नव्हते.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. शुक्रवारी आमची सुट्टी, म्हणून गुरुवारी दुकान बंद करण्यापूर्वी सगळ्या हिशेबाची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, डिस्क काढायची आणि घरी न्यायची. ती संगणकाला लावूनच ठेवली, तर व्हायरस तिच्यातही शिरतो. महिन्यातून एकदा ती नक्कल मुलाच्या लॅपटॉपवर उघडून पाहतो. न उघडणारी नक्कल काय कामाची!

विंडोज घेताना ते अस्सल आहे याची नोंद पक्क्या बिलावर करून घ्यावी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा नव्या यंत्रात विंडोज ११ च मागावे. त्यातच व्हायरसपासूनचे संरक्षण असते. ते चालू ठेवले आणि फुकटच्या प्रती टाकल्या नाहीत, तर लहान दुकानाला वेगळे विकत घेण्याची सहसा गरज पडत नाही.

पत्रे व तक्ते यांसाठी लिब्रे ऑफिस पुरते. ते फुकट आहे आणि चोरीचे नाही. शिलाई किंवा जरीकाम करवून घेणाऱ्या कारागीर बांधवांना तर महागड्या सॉफ्टवेअरची गरजच नाही. लिब्रे ऑफिसच्या तक्त्यात तारीख, कामगाराचे नाव, नग, दर आणि उचल असे पाच रकाने पाडले, की आठवड्याचा पगार आपोआप निघतो.

मराठी व उर्दू दोन्हींचे कीबोर्ड विंडोजमध्ये असतात, फक्त सेटिंगमध्ये जोडून घ्यावे लागतात. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, त्यामुळे नस्तालिक अक्षर दिसल्याशिवाय मला उर्दू वाचल्यासारखे वाटत नाही. त्यासाठी नोटो नस्तालिक उर्दू हा फॉन्ट फुकट मिळतो. दुकानाचे ईदचे शुभेच्छापत्र मी आता त्यातच लिहितो.