स्वमग्न विद्यार्थी आणि गुणवत्तेची परीक्षा

अर्धनारीश्वराच्या मंदिरामुळे पंचक्रोशीत विख्यात असलेले मोहगाव हे सौंसर तहसिलीतील गाव २०२३ साली नव्याने निर्माण झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात समाविष्ट झाले. संत्र्याच्या बागा, कपाशीची शेते आणि घराघरांतून बोलली जाणारी वऱ्हाडी वळणाची मराठी ही या परिसराची ओळख होय. येथील काय किंवा अन्यत्रच्या काय, शाळांतून दर काही वर्षांनी एखादा असा विद्यार्थी येतो की, ज्याच्याविषयी शिक्षकांचे एकमत होत नाही. हाक मारली तरी तो वळून पाहत नाही. मधल्या सुट्टीत सवंगड्यांत न मिसळता तो नळाच्या धारेकडे टक लावून उभा राहतो. घंटा वाजली की दोन्ही कानांवर हात ठेवतो. विचारलेला प्रश्नच उत्तरादाखल परत म्हणून दाखवितो. मात्र हाच विद्यार्थी तीसपर्यंतचे पाढे उलटसुलट म्हणतो आणि गेल्या वर्षीच्या अमुक तारखेला कोणता वार होता, हे न अडखळता सांगतो. गावात कोणी त्यास 'येडा' म्हणते, कोणी 'हट्टी' म्हणते. वर्गशिक्षक त्यास शेवटच्या बाकावर बसवून इतरांच्या मार्गास लागतात. अशा विद्यार्थ्याचे नाव शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीत घालावे, हे सहसा कोणाच्या मनातही येत नाही.

या अवस्थेस मराठीत स्वमग्नता हे नाव रूढ झाले आहे. ती व्याधी नव्हे, बाहेरबाधा तर नव्हेच. ती मेंदूच्या जडणघडणीची जन्मजात भिन्नता आहे. तिच्या छटा अनेक आहेत. काही बालके आयुष्यभर बोलत नाहीत, काहींस जोडीला बौद्धिक अक्षमता असते, तर काही बोलण्यात चतुर असूनही दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भाव त्यांस वाचता येत नाहीत. म्हणूनच प्रत्येक स्वमग्न बालक गुप्त पंडित असते, हा चित्रपटांनी पसरविलेला समजही तितकाच चुकीचा आहे. प्रश्न एवढाच की, ज्याच्या अंगी खरोखर पात्रता आहे, तो केवळ वेगळा वागतो म्हणून मागे राहू नये.

पहिल्या विद्यार्थ्याची कथा

अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा बालकांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. स्वमग्नतेच्या अभ्यासाचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो. त्या अकरा बालकांपैकी पहिला होता मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. १९३३ साली जन्मलेल्या या बालकास अंकांचे विलक्षण वेड होते. आईवडिलांनी त्यास काही काळ एका संस्थेत ठेवून पाहिले व परत आणले. पुढे १९४२ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यास घरापासून काही मैलांवर राहणाऱ्या एका शेतकरी दांपत्याच्या हवाली करण्यात आले.

त्या दांपत्याजवळ पदवी नव्हती, मानसशास्त्राचे ज्ञान नव्हते. परंतु त्यांनी जे केले ते कॅनर यांनी कौतुकाने नोंदवून ठेवले आहे. मुलास सतत मोजमाप करण्याचा नाद आहे, असे पाहून त्यांनी त्यास विहीर खणण्याच्या कामास लावले व तिची खोली मोजून सांगावयास लावली. तो मक्याच्या ओळी पुनःपुन्हा मोजतो, हे ध्यानी येताच त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोजू दिल्या. तोच मुलगा पुढे गावच्या शाळेत गेला, तेथील लोकांनी त्याच्या विचित्र सवयी सांभाळून घेतल्या, आणि १९५८ साली मिलसॅप्स महाविद्यालयातून त्याने फ्रेंच भाषेची पदवी संपादन केली. गावच्या बँकेत त्याने नोकरी केली, तो मोटार चालवावयास शिकला, देशोदेशी फिरला. २०२३ साली, एकोणनव्वद वर्षांच्या वयात, त्याचे निधन झाले.

शेतकऱ्याच्या मुलास हे सहज कळेल. बैलाचा स्वभाव मोडून त्यास औतास जुंपता येत नाही. स्वभाव ओळखूनच जुंपावे लागते. योगायोग असा की, जनावरांच्या हाताळणीचे शास्त्र ज्यांनी समृद्ध केले त्या टेम्पल ग्रँडिन याही स्वमग्नच आहेत. सुमारे साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत त्या बोलत नव्हत्या. बीजगणित त्यांस कधीच साधले नाही, कारण त्यांचा विचार चित्रांतून चालतो आणि बीजगणिताचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहत नाही. तथापि एका विज्ञान शिक्षकाने त्यांच्या आवडीस वळण दिले आणि १९८९ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने त्यांस पशुविज्ञानातील डॉक्टरेट प्रदान केली.

परीक्षा अनुकूल कोठे, प्रतिकूल कोठे

ठराविक आराखड्याच्या परीक्षेत सर्वांस एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ आणि उत्तरांचा एकच तक्ता असतो. अशा परीक्षेविषयी शिक्षणतज्ज्ञांच्या तक्रारी पुष्कळ आहेत व त्यांतील अनेक रास्त आहेत. परंतु स्वमग्न विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिच्यात एक मोठा गुण आहे. तेथे तोंडी उत्तर द्यावे लागत नाही, परीक्षकाच्या नजरेस नजर भिडवावी लागत नाही, आणि शिक्षकांची मर्जी संपादन करावी लागत नाही. चार पर्यायांतील एक बरोबर, बाकीचे चूक. नियम स्पष्ट असला म्हणजे हा विद्यार्थी निर्धास्त होतो.

बौद्धिक क्षमता चाचणीतील आकृत्यांचे प्रश्न तर अनेकदा त्याच्या हातचे असतात. मिशेल डॉसन व लोरां मोत्रों आदी संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा येथे दाखला देता येईल. त्यांनी अडतीस स्वमग्न बालकांची बुद्धी दोन प्रकारच्या कसोट्यांनी मोजली. पहिल्या कसोटीत प्रश्न तोंडी विचारले जातात व बरीचशी उत्तरेही बोलूनच द्यावी लागतात. दुसऱ्या कसोटीत अपुरी आकृती पाहून तिचा उरलेला तुकडा निवडावयाचा असतो. त्याच बालकांचे दुसऱ्या कसोटीतील स्थान पहिलीपेक्षा सरासरीने तीस शतमानांनी वर गेले. म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत पहिल्या मापाने जो विसाव्या जागी ठरला असता, तो दुसऱ्या मापाने पन्नासाव्या जागी पोहोचला. मुलगा तोच होता. माप बदलले होते.

अडचण प्रश्नपत्रिकेच्या भोवती असते. परीक्षा केंद्र परगावच्या अनोळखी शाळेत. तेथे आवाराबाहेर चारशे मुलांचा गलका. डोक्यावर खडखडणारा पंखा, लुकलुकणारी दांडी. दहाला सुरू होणारा पेपर सव्वादहाला सुरू झाला की इतर मुले कंटाळतात. स्वमग्न मुलाच्या लेखी मात्र दिलेला शब्द मोडला जातो व त्याचे चित्त पुन्हा जागेवर येत नाही. उत्तरपत्रिकेतील वर्तुळ पूर्ण काळे करावे, अशी सूचना असते. एखादे वर्तुळ रेषेबाहेर गेले तर ते खोडून नीट करण्यात त्याची दहा मिनिटे जातात. सतरावा प्रश्न सुटला नाही, तर तो सोडून अठराव्यास हात घालणे त्यास जमत नाही. 'यांपैकी नाही' हा पर्याय वाचून 'यांपैकी म्हणजे कोणांपैकी?' असे तो पर्यवेक्षकासच विचारतो, आणि पर्यवेक्षक त्यास उद्धट समजतात.

मोहगावकडील मुलांपुढे आणखी एक पेच आहे. घरी मराठी, कार्यालयात व बाजारात हिंदी, प्रश्नपत्रिकेवर ग्रंथांतील भाषा. सामान्य मूल कांदा व प्याज यांची गाठ आपोआप बांधते. ज्याच्या मनात एका वस्तूस एकच शब्द घट्ट चिकटलेला असतो, त्यास ही गाठ बांधून द्यावी लागते. सरावाच्या वेळी मुलास गणित आले नाही की त्यातील शब्द आला नाही, हे शिक्षकांनी प्रथम तपासावे. पुष्कळदा दोष शब्दाचा निघतो.

कायद्याने दिलेला आधार

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिची प्रथम दखल घेतली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि त्यातील एकवीस दिव्यांगत्वांमध्ये स्वमग्नतेस स्थान मिळाले. या अधिनियमाच्या सतराव्या कलमानुसार परीक्षा पद्धतीत आवश्यक ते फेरफार करणे शासनाचे कर्तव्य ठरते; त्यांत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा नामनिर्देश आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत.

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१३ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून तासामागे वीस मिनिटे हे जादा वेळेचे प्रमाण घालून दिले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणी असा निर्णय दिला की, चाळीस टक्क्यांची मर्यादा गाठली नाही एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही. प्रकरण स्वमग्नतेचे नव्हते, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराचे होते. तथापि सवलत ही मेहेरबानी नसून समान संधीचा भाग आहे, हे त्या निर्णयातील तत्त्व सर्वांस लागू पडते. या सूचनांत वेळोवेळी सुधारणा होत असल्याने त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहणे इष्ट.

ग्रामीण पालकांच्या दृष्टीने दोन परीक्षा विशेष महत्त्वाच्या आहेत. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत दोन तासांत ऐंशी प्रश्न सोडवावयाचे असून त्यांतील चाळीस, म्हणजे निम्मे, बौद्धिक क्षमतेचे असतात. दिव्यांग विद्यार्थ्यास प्रमाणपत्राच्या आधारे चाळीस मिनिटे अधिक मिळतात. दुसरी, आठवीतील राष्ट्रीय साधन-सह-गुणवत्ता शिष्यवृत्ती परीक्षा. २००८ साली सुरू झालेली ही योजना शासकीय, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठी आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांहून अधिक नसावे. बौद्धिक क्षमता व शालेय विषय अशा दोन चाचण्या, प्रत्येकी नव्वद प्रश्न व नव्वद मिनिटे. विशेष गरजा असणाऱ्या बालकांस जादा वेळ देण्याची तरतूद आहे. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षास बारा हजार रुपये, म्हणजे चार वर्षांत अठ्ठेचाळीस हजार. कोरडवाहू कपाशीवर गुजराण करणाऱ्या कुटुंबास ही रक्कम लहान नाही. आणि 'येडा' म्हणून हिणविलेल्या मुलाचे नाव निवड यादीत झळकणे, याचे मोल तर रुपयांत सांगता येणार नाही.

प्रमाणपत्रापासून परीक्षाकक्षापर्यंत

या सर्व सवलतींची किल्ली म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, आणि नेमके तेच पालक काढीत नाहीत. बहिणीचे लग्न अडेल, लोक काय म्हणतील, असे वाटून पुष्कळ घरांत ही बाब झाकून ठेवली जाते. काही मुख्याध्यापकही 'शाळेचा निकाल खाली येईल' म्हणून अशा मुलाचा अर्जच भरीत नाहीत. हे दोन्ही अक्षम्य आहे. पहिल्यामागे निदान भीती तरी आहे. दुसऱ्यामागे तीही नाही.

प्रमाणपत्रासाठी अर्ज आधार कार्डासह दिव्यांगत्व ओळखपत्राच्या शासकीय संकेतस्थळावर करावयाचा असतो. लोकसेवा केंद्रात त्यास साहाय्य मिळू शकते. तपासणी स्वमग्नतेच्या भारतीय मापनश्रेणीने होते. २०१६ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या या श्रेणीत चाळीस बाबी आहेत. प्रत्येकीस एक ते पाच गुण देतात व एकूण सत्तरपेक्षा कमी गुण आल्यास स्वमग्नता धरली जात नाही. तपासणीस जाताना आईने बालपणापासूनच्या गोष्टी लिहून न्याव्या: पहिला शब्द कधी उच्चारला, कशास भितो, काय खात नाही. शिक्षकांनी वर्गातील वर्तनाविषयी एक पत्र जोडल्यास तज्ज्ञांचे काम सुकर होते. तपासणीच्या दिवशी मूल कसे वागले, एवढ्यावर निष्कर्ष अवलंबून राहू नये.

प्रमाणपत्र हाती आले की परीक्षेचा अर्ज भरतानाच दिव्यांगत्वाचा रकाना भरावा. परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्रप्रमुखांकडे धाव घेऊन बहुधा उपयोग होत नाही. जादा वेळेखेरीज तळमजल्यावरील खोली, दारापासून दूरची जागा व गोंगाटाविना बैठक यांची मागणी प्राचार्यांमार्फत लेखी करावी. यांस खर्च काहीच येत नाही.

तयारीचे काम मात्र घरचे व शाळेचे. आठवडाभर आधी, शक्य तर सुट्टीच्या दिवशी, मुलास केंद्रावर नेऊन फाटक, खोली, पाण्याची जागा व स्वच्छतागृह दाखवावे. परीक्षेच्या दिवसाचा क्रम चित्रांसह कागदावर काढून द्यावा आणि त्यात 'पेपर उशिरा सुरू होऊ शकतो' हेही लिहावे, म्हणजे उशीरसुद्धा नियमात बसतो. कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या प्रतींवर वर्तुळे रंगविण्याचा सराव रोज दहा मिनिटे करावा. प्रश्न सुटला नाही तर त्यापुढे ठिपका देऊन पुढे जावयाचे, हा नियम नियम म्हणूनच शिकवावा. 'आपल्या बुद्धीने ठरव' असे सांगून भागत नाही. मूल आकृत्यांत रमत असेल तर सरावाचा आरंभ आकृत्यांनी करावा व भाषेकडे सावकाश वळावे. रडारड सुरू झाली की त्या दिवसाचा सराव थांबवावा. आणि ज्या मुलास ही दौड झेपत नाही, त्यास ती धावावयास लावू नये. त्याच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट खुली आहे. तेथे दहावीचे विषय एकेक करून पाच वर्षांपर्यंत पूर्ण करता येतात.

शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याच्या पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नववीतून दहावीत त्याने पहिल्याच प्रयत्नात जावे लागते आणि अकरावीपासून पुढे रक्कम चालू राहण्यासाठी दहावीस साठ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींस त्यात पाच टक्क्यांची सूट आहे. आठवीत मंजूर झालेली सवलत दहावीच्या मंडळ परीक्षेस आपोआप लागू होत नाही. तिच्यासाठी प्राचार्यांमार्फत नवा अर्ज, प्रमाणपत्राच्या प्रतीसह, परीक्षेचे आवेदनपत्र भरतेवेळीच पाठवावा व पाठविल्याची पोच घेऊन ठेवावी.