किनोआ आणि आपला चाकवत



शहरात हल्ली किनोआ नावाचे धान्य महागात विकले जाते. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ हे वर्ष किनोआ वर्ष म्हणून पाळले. एवढे त्यात आहे तरी काय?

१०० ग्रॅम कोरड्या किनोआत सुमारे १४ ग्रॅम प्रथिने असतात. पांढऱ्या तांदळात सुमारे ७. भातात कमी पडणारे लायसिन त्यात चांगले असते. लोह आणि चोथाही जास्त. दाण्यावर कडू थर असतो, म्हणून तो चोळून धुवावा लागतो.

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. दोन्ही वेळ भात आणि वर पातळ वरण, एवढ्यावर बायापोरांच्या अंगात रक्त भरणार कसे? पण त्यासाठी किनोआच विकत आणावा असे नाही. राजगिऱ्यात प्रथिने जवळजवळ तितकीच, लोह तर त्याहून जास्त. आणि रब्बीत तण म्हणून आपण उपटून फेकतो तो चाकवत, म्हणजे बथुआ, किनोआच्याच कुळातला. त्याची कोवळी पाने डाळीत शिजवावी, वर लिंबू पिळावे. लोह अंगी लागायला मदत होते. मूतखडा असेल त्यांनी बेताने खावे. तणनाशक मारलेल्या वावरातला चाकवत मात्र घरात आणू नये.

यंदा परसात दोन ओळी राजगिरा लावून पाहा, असे आम्ही सुचवतो.