द्रुतगती गोलंदाजाचा शिक्षक

प्रत्येक सांघिक खेळात एखादे काम असे असते की, त्याचा भार इतर कोणत्याही कामापेक्षा शरीरावर अधिक पडतो. सॉफ्टबॉल व बेसबॉल या खेळांत ते काम पिचरचे. क्रिकेटमध्ये द्रुतगती गोलंदाजाचे. अमेरिकेतील महाविद्यालयीन संघांत पिचरसाठी स्वतंत्र प्रशिक्षक असतो आणि तो बहुधा पूर्वी स्वतः पिचर म्हणून खेळलेला असतो. भारतीय क्रिकेटमध्ये द्रुतगती गोलंदाजांसाठी अशी व्यवस्था बरीच उशिरा आली. ती मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, उभी राहिली. तिच्या जडणघडणीत टी. ए. शेखर या माजी गोलंदाजाचा मोठा वाटा आहे.

भारताने १९३२ साली पहिली कसोटी खेळली, तेव्हा महंमद निसार व अमरसिंग ही खरोखर वेगवान जोडी संघात होती. पुढे मात्र भारताची सारी भिस्त फिरकीवर राहिली. मुंबईच्या रमाकांत देसाई यांच्यासारखे अपवाद सोडले, तर नव्या चेंडूची चमक घालवून तो फिरकी गोलंदाजाच्या हाती देणे एवढेच मध्यमगती गोलंदाजाचे काम मानले जाई. सुनील गावसकर यांच्यासारख्या सलामीच्या फलंदाजानेही काही कसोट्यांत नव्या चेंडूने गोलंदाजी केली, यावरून त्या काळच्या उणिवेची कल्पना येईल. १९७८ मध्ये कपिल देव आले आणि चित्र पालटले. तथापि त्यांच्या जोडीला कोण, हा प्रश्न शिल्लकच होता.

शेखर यांचा जन्म १९५६ सालचा. तमिळनाडूकडून खेळताना त्यांनी वेगवान गोलंदाज म्हणून नाव मिळविले. १९८३ च्या प्रारंभी पाकिस्तानच्या दौऱ्यात ते दोन कसोटी सामने खेळले. त्यांत त्यांना एकही बळी मिळाला नाही. एकदिवसीय सामनेही चारच. केवळ आकडे पाहिले, तर ही कारकीर्द नोंद घेण्याजोगी वाटणार नाही. परंतु त्यांचे खरे कार्य यानंतर सुरू झाले.

१९८७ साली टायर बनविणाऱ्या एम.आर.एफ. कंपनीचे रवी मम्मेन यांच्या पुढाकाराने चेन्नईत ‘एम.आर.एफ. पेस फाउंडेशन’ स्थापन झाले. चेटपट भागातील मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या शाळेचे मैदान हे त्याचे ठिकाण. ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली संचालक झाले. ते वर्षातून काही वेळा शिबिरांसाठी येत; ते परत गेल्यावर मुलांकडून रोजचा सराव करून घेण्याची जबाबदारी शेखर यांच्यासारख्या प्रशिक्षकांवर असे.

लिली यांची निवड केवळ त्यांच्या ३५५ कसोटी बळींमुळे महत्त्वाची नव्हती. १९७३ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात त्यांच्या पाठीच्या मणक्यांना ताणामुळे भेगा पडल्या होत्या. प्लास्टरमध्ये काही काळ काढून, नंतर शास्त्रशुद्ध व्यायाम करून ते १९७४-७५ च्या मोसमात कसोटी क्रिकेटमध्ये परतले. द्रुतगती गोलंदाजी कशी करावी याबरोबरच ती करीत असता शरीर कसे टिकवावे, हेही त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते.

हा दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. चेंडू सोडण्यापूर्वी गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर त्या पायातून कमरेपर्यंत पोहोचतो. काही गोलंदाजांचे खांदे व कंबर दोन्ही आडवे वळलेले असतात. काहींचे दोन्ही फलंदाजाच्या समोर असतात. या दोन्ही पद्धती योग्यच होत. मात्र कंबर एका दिशेला व खांदे दुसऱ्या दिशेला राहिले, तर मणक्याला पीळ बसतो आणि शेकडो चेंडूंनंतर हाडाला भेग पडण्याचा धोका वाढतो. वाढत्या वयाच्या मुलाला तो विशेष असतो. म्हणून कोणत्या मुलाच्या पद्धतीत बदल करावा आणि कोणाच्या पद्धतीला हात लावू नये, हा निर्णय प्रशिक्षकाची खरी कसोटी ठरतो. बदल न केल्यास दुखापतीचे भय. अती केल्यास नैसर्गिक वेग व लय हरवण्याचे भय.

नकार देणे हाही शिक्षणाचाच भाग होय. १९८७ साली मुंबईचा एक चौदा वर्षांचा मुलगा द्रुतगती गोलंदाज होण्याच्या इच्छेने येथे आला होता. लिली यांनी त्याला फलंदाजीकडे लक्ष देण्यास सांगितले. तो मुलगा म्हणजे सचिन तेंडुलकर.

येथे शिकलेला प्रत्येक जण टिकला असे नाही. विवेक राझदान यांनी १९८९ मध्ये सियालकोटच्या कसोटीत एका डावात पाच बळी घेतले. परंतु त्यांची कसोटी कारकीर्द दोनच सामन्यांची ठरली. जवागल श्रीनाथ व वेंकटेश प्रसाद मात्र दीर्घकाळ खेळले. महाराष्ट्राला जवळचे उदाहरण झहीर खान यांचे. श्रीरामपूरहून मुंबईला आलेला हा डावखुरा तरुण प्रथम सुधीर नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये खेळला. तेथून पुढे शेखर यांच्या नजरेस पडून तो चेन्नईला गेला आणि २००० साली भारतीय संघात आला. ३११ कसोटी बळी ही त्याची पुढची कमाई.

२ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावर भारताने विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्यात खेळलेले झहीर खान, श्रीशांत व मुनाफ पटेल हे भारताचे तिन्ही वेगवान गोलंदाज चेन्नईच्या या संस्थेत शिकलेले होते. पुढील वर्षी लिली निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी ग्लेन मॅकग्रा आले. तरुणपणी तेही याच मैदानावर सरावासाठी आले होते.

शेखर त्यापूर्वीच दिल्लीच्या आयपीएल संघाच्या व्यवस्थापनात गेले होते. त्यांच्या नावावर कसोटीतील एकही बळी नाही. तथापि खेळाडूने घेतलेले बळी मोजता येतात. शिक्षकाने वाचविलेल्या पाठी, योग्य वेळी दिलेला सल्ला आणि न केलेले बदल यांची नोंद धावफलकावर होत नाही. म्हणून अशा कारकिर्दीचे मोल ठरविताना तिचे पहिले पर्व व दुसरे पर्व यांना निरनिराळी मापे लावणेच न्याय्य ठरेल.