सई, अर्ज भरण्याआधी थोडं बोलू

सई, तुझा एसओपी, अर्जासोबतचा तो निवेदनाचा मसुदा, वाचला. इंग्रजी चोख आहे, एक आर्टिकल चुकलेलं नाही. तरीही निवड समितीत मी असते तर तो बाजूला ठेवला असता. फुगू नकोस, ऐक आधी.

पहिल्याच वाक्यात तू लिहिलंस की लहानपणापासून तुला इंग्रजीची अतोनात ओढ आहे. अगं, टेसॉलच्या, म्हणजे इंग्रजी शिकवण्याच्या एम.ए.ला अर्ज करणाऱ्या कुणाला ती नसते? पुढे शेक्सपिअर, मग वर्ड्सवर्थ. बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलेल्या आपल्या सगळ्यांची ही खोड. तू ज्या विभागांकडे अर्ज करते आहेस, त्यांना डॅफोडिल्समध्ये रस नाही. माणूस दुसरी भाषा शिकतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय चालतं आणि शिक्षकाच्या कुठल्या कृतीने त्यात फरक पडतो, हा त्यांचा विषय. आणि मराठी माध्यमात शिकलीस हे तू पार खाली, 'तरीही' लावून लिहिलंयस. जणू काही तो एखादा जुना आजार होता.

तू शिकवतेस त्या क्लासमधल्या आठवीतल्या मुलाचं तू मला फोनवर सांगितलं होतंस, आठवतंय? चाचणीत 'व्हेअर आर यू गोइंग' बिनचूक लिहितो, गाळलेल्या जागांना पैकीच्या पैकी. आणि पेपर देऊन दाराबाहेर पडला की मित्राला विचारतो, 'व्हेअर यू आर गोइंग?' मराठीत 'तू कुठे चाललायस' विचारताना शब्दांची जागा बदलावी लागत नाही, तीच सवय जिभेवर बसलेली. पण मग पेपरात का चुकत नाही? नियम माहीत आहे, तर बोलताना तो जातो कुठे? तू हसून पुढे गेलीस. एसओपी इथूनच सुरू कर. तो मुलगा, त्याचा पेपर, दाराबाहेरचं वाक्य, मग तू काय करून पाहिलंस आणि काय जमलं नाही. एवढ्यावर दीड पान सहज होईल.

हा प्रश्न आपल्याकडे फार मोठ्या माणसाने हाती घेतला होता. एन. एस. प्रभू. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्याकरणाचा धडा बाजूला ठेवला. मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक ठेवायचं, नकाशा ठेवायचा आणि इंग्रजीतून कोडं सोडवायला लावायचं. डोकं अर्थामध्ये गुंतलं की व्याकरण आपोआप रुजतं, अशी त्यांची धारणा. जगभर ज्याला टास्कवर आधारलेलं शिक्षण म्हणतात, त्याच्या इतिहासात या 'बंगलोर प्रकल्पा'चं नाव पहिल्या पानांवर येतं. त्यांचं १९८७ चं 'सेकंड लँग्वेज पेडागॉजी' लहानसंच पुस्तक आहे, मिळवून वाच. मात्र एसओपीत नाव टाकायचं म्हणून टाकू नकोस. वेळापत्रकाचा खेळ आधी तुझ्या क्लासमध्ये करून बघ. कराडहून पुण्याला जाणाऱ्या गाड्या घे आणि काय होतं ते लिही. मुलांनी गोंधळ घातला तर तेही लिही, ते जास्त खरं वाटेल.

मराठी माध्यमाचं म्हणशील तर मला इंग्रजी पाचवीत भेटली, तुला पहिलीपासून. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली, त्यावर केवढा गदारोळ झाला होता! पण 'जी ओ गो, गो म्हणजे जाणे' हे आपण दोघींनीही त्याच सुरात घोकलं. म्हणजे इंग्रजीविषयीचं धोरण गावातल्या वर्गात पोचताना त्याचं काय होतं, हे तू बाकावर बसून पाहिलंयस. इथे अमेरिकेत तुझ्या वर्गमित्रांना ते पुस्तकातून वाचावं लागेल. जी भाषा स्वतः शिकावी लागली ती शिकवताना शिकणाऱ्याची अडचण आधी दिसते, हे हंगेरीच्या पीटर मेजेशने नव्वदीच्या सुरुवातीलाच मांडलं. त्यामुळे ते 'तरीही' आधी खोड.

आता पैशाचं. मामा जमिनीवर कर्ज काढायचं म्हणतायत असं आई म्हणाली. त्यांना थांबव. हे कॉम्प्युटरचं एम.एस. नाही. डिग्रीनंतर ओपीटीचे, म्हणजे इथे काम करायच्या परवानगीचे, बारा महिने मिळतात. स्टेम विषयांना त्यावर आणखी चोवीस मिळतात, टेसॉल त्या यादीत नाही. म्हणजे कर्ज फेडायला डॉलर कमवायची मुदतच तोकडी. सरकारी शाळेत शिकवायचं तर त्या राज्याचं लायसन्स लागतं, आणि प्रत्येक टेसॉल एम.ए.मध्ये ते मिळतंच असं नाही. कोर्स निवडताना हे थेट विचारायचं. कोरियात जाऊन शिकवेन, असं तू मध्ये म्हणत होतीस. तिथला इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा साधारणपणे सात इंग्रजीभाषक देशांच्या पासपोर्टवर मिळतो, त्यात आपला देश नाही. डिग्री तीच, पण पासपोर्ट बघून दार उघडतं. मला याचा संताप येतो, पण हिशेब करताना ते धरावं लागतं.

म्हणून असिस्टंटशिप मिळाली तरच यायचं, असं मनाशी पक्कं कर. आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करायचं, बदल्यात फी माफ आणि महिन्याचा स्टायपेंड. माझा अनुभव असा की शिक्षणशास्त्राच्या कॉलेजांपेक्षा इंग्रजी किंवा भाषाशास्त्र विभागांतल्या कोर्सना हे जास्त मिळतं, कारण तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांचे लेखनाचे वर्ग घ्यायला माणसं लागतात. आयोवा स्टेट, नॉर्दर्न अ‍ॅरिझोना आणि इलिनॉय बघ. ब्रज कचरू नावाच्या काश्मिरी माणसाने 'इंग्रजी एक नाही, अनेक आहेत' हा विचार रुजवला तो याच इलिनॉयमध्ये बसून. विभागाला मेल कर आणि एकच विचार, गेल्या वर्षी आलेल्या एम.ए.च्या मुलांपैकी किती जणांना मदत मिळाली? उत्तर गोलमोल आलं तर काय समजायचं ते समज. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या सघन इंग्रजी कोर्सवर ज्यांच्या असिस्टंटशिप उभ्या होत्या, तिथे गेल्या काही वर्षांत पुष्कळ टाळी लागली आहेत. माहितीपत्रकात हे कुणी छापत नाही.

टोफेलमध्ये एकूण गुणांवर खूश होऊ नकोस. शिकवायचं काम देताना बोलण्याच्या भागाचे गुण वेगळे बघतात. जीआरई बऱ्याच ठिकाणी मागत नाहीत, उगाच त्याच्या क्लासला पैसे घालू नकोस.

शिफारसपत्रांचा घोळ तर ठरलेलाच. सर म्हणतील, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' हो म्हणू नकोस. तिन्ही पत्रं तुझ्याच हातची असली की वाचणाऱ्याला ती एका घरातली वाटतात, शिवाय ते नीतीला धरूनही नाही. त्याऐवजी सरांना एक पान दे: त्यांच्याकडे कुठला पेपर होता, सेमिनार कशावर केलास, क्लासमध्ये काय करतेस. म्हणावं, सर, यातलं तुम्हाला आठवतं ते तुमच्या शब्दांत लिहा. आणि पत्र सरांनी स्वतः अपलोड करायचं असतं, कॉलेजच्या मेलवरून. तो मेल सरांनी वर्षानुवर्षं उघडलेला नसतो. त्यांच्या शेजारी बसून पासवर्ड नवीन करून दे. ट्रान्स्क्रिप्टसाठी विद्यापीठात अर्ज याच महिन्यात टाक. असिस्टंटशिपच्या मुदती बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपतात आणि परीक्षा विभागाला तुझ्या डिसेंबरशी काही देणंघेणं नसतं.

एक वाट भारतातलीही मोकळी ठेव. हैदराबादचं ईएफएलयू. १९५८ साली इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीच ही संस्था निघाली आणि २००७ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झाली. खर्च अमेरिकेच्या पासंगालाही पुरणार नाही इतका कमी. खरं सांगू? आठवीतल्या त्या मुलाचा प्रश्न तुला सोडवायचा असेल, तर अमेरिकेपेक्षा हैदराबादेत तशी मुलं जास्त भेटतील. पण जग बघायचंय, हेही कारण खोटं नाही. तू आधी ठरव, मग मामांशी मी बोलते.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव, शेक्सपिअरशिवाय. आणि सरांना आजच गाठ, दिवाळीची सुट्टी लागली की ते गावाला जातात आणि फोन उचलत नाहीत.