गुलाबी साल, तांबूस वाईन

निफाड तालुक्यातल्या आमच्या बागेत गुलाबी रंग म्हणजे संकट. मण्यांत पाणी उतरल्यावर दिवसाचे ऊन आणि रात्रीची थंडी यांत फार तफावत पडली, की थॉमसनच्या हिरव्या घडात अधूनमधून गुलाबी मणी दिसू लागतात. ‘पिंक बेरी’ हा इंग्रजी शब्द आमच्या गावात निरक्षर माणसालाही ठाऊक आहे. ती टाळण्यासाठी घडांना कागद लावतात. एका हंगामात कागद लावूनही गुलाबी मणी निघाले आणि आमचा निर्यातीचा माल परत आला.

“साखर तर मोजून बघा,” नाना म्हणाले.

“नाना, गिऱ्हाईक आधी बघतं, मग खातं,” व्यापारी म्हणाला.

माल पडत्या भावाने गेला. त्या वर्षीची माझी फी उसनवारीने भरली गेली. व्यापाऱ्याचे वाक्य मात्र मनात राहिले आणि पुढे मानसशास्त्राचा अभ्यास करताना त्याचा माग काढत मी गुलाबी सालीच्या द्राक्षांपासून मुद्दाम केल्या जाणाऱ्या वाईनपर्यंत पोचलो.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. द्राक्षाचा रंग बहुधा सालीत असतो, रसात नव्हे. काळे द्राक्ष चिमटीत दाबले तरी रस जवळजवळ रंगहीनच निघतो. सालीतल्या रंगद्रव्याला अँथोसायनिन म्हणतात. रस लगेच गाळून घेतला तर वाईन पांढरी होते. तो सालींसकट आंबवला तर ती लाल होते. दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्सची गुलाबी वाईन काळ्या द्राक्षांचीच असते, पण रस सालींबरोबर काही तासच ठेवतात.

मूळ सालच गुलाबी असेल, तर मात्र गणित बदलते. ‘पिनो ग्री’ हा वाण काळ्या ‘पिनो न्वार’मध्ये उत्परिवर्तन होऊन निर्माण झाला. ‘ग्री’ म्हणजे करडा. त्याचा मणी करड्या झाकेचा गुलाबी असतो. सालीत रंगाचा साठा थोडा, म्हणून तो उतरायला वेळ द्यावा लागतो.

इटलीच्या ईशान्येस, आल्प्स पर्वत आणि एड्रियाटिक समुद्र यांच्यामध्ये फ्रिउली हा प्रदेश आहे. तेथे या वाणाला ‘पिनो ग्रिजो’ म्हणतात आणि त्याच्या तांबूस वाईनला ‘रामातो’. इटालियनमध्ये ‘रामे’ म्हणजे तांबे. द्राक्षे देठांपासून सोडवून चुरडतात आणि रस सालींसह काही तासांपासून काही दिवसांपर्यंत मुरू देतात. या काळात रंगाबरोबर तुरटपणाही उतरतो. म्हणून कारागीर वरचेवर चव घेऊन वेळ ठरवतो. घाई केली तर वाईन फिकी राहते आणि उशीर झाला तर ती जीभ ओढते. मग रस दाबून वेगळा करतात. यीस्ट साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड करते. हवेतील प्राणवायूचा थोडा संपर्क आला, की गुलाबी छटा तांबूस होत जाते.

१९६१ मध्ये सांता मार्गेरिता या इटालियन कंपनीने याच द्राक्षाचा रस सालींपासून तात्काळ वेगळा करून पांढरी वाईन बाजारात आणली. ती अतोनात खपली. पिनो ग्रिजो म्हणजे पांढरी वाईन, असे समीकरण जगभर रूढ झाले आणि रामातो मागे पडली. अलीकडच्या काही दशकांत काही उत्पादकांनी ती पुन्हा हौसेने करायला घेतली आहे. म्हणजे तेथेही रंगाचा निवाडा बाजारानेच केला.

आता आस्वादाविषयी. जाणकार ही वाईन दहा ते बारा अंश सेल्सिअसपर्यंत गार करतात. पेला पांढऱ्या कागदासमोर तिरपा धरून रंग पाहतात. तो फिक्या गुलाबीपासून घासलेल्या तांब्याच्या कळशीपर्यंत कोणताही असू शकतो. मग पेला हलकेच फिरवून वास घेतात. संत्र्याची साल, जर्दाळू, कधी स्ट्रॉबेरी अशा गंधांचा उल्लेख ते करतात. शेवटी लहानसा घोट तोंडात घोळवून आंबटपणा आणि हिरड्यांवर रेंगाळणारा तुरटपणा पारखतात.

पण पाहणे आधी आणि चाखणे नंतर, या क्रमातच मेख आहे. बोर्दो येथे मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दिय यांनी केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाईन दिली आणि तीच वाईन बिनवासाचा लाल रंग घालूनही दिली. रंगवलेल्या वाईनचा गंध सांगताना त्यांनी लाल वाईनसाठीचे शब्द वापरले. नाकाआधी डोळ्यांनी शब्द निवडले होते! भाषेच्या विद्यार्थ्यांनीही या प्रयोगाकडे अवश्य पाहावे, असे मला वाटते.

आमच्या थॉमसनच्या गुलाबी मण्यांची वाईन करावी, असे मला मुळीच सुचवायचे नाही. वाईनचे वाण निराळे असतात, आणि पिंक बेरीचा मणी पुढे मऊ व पाणचट होतो, हेही खरे. व्यापारी अगदीच चुकला नव्हता. तरी गेल्या माघात मी नानांना डोळे मिटायला लावून नुकताच रंग चढलेला एक घट्ट मणी आणि एक हिरवा मणी हातावर ठेवला. “गुलाबी कोणता?” नाना दोनदा चुकले. मग हसले आणि पुन्हा कात्री घेऊन घडातले गुलाबी मणी काढू लागले.